चष्मा काढून वाचलेलं पान

उस्मानभाई गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर, पहिल्या पाळीला जाताना कळलं. त्या दिवशी रडलो. आज सव्वा महिन्यानं लिहायला बसलोय तो रागावून. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात... पण फसवलंय त्यानं मला.

आकुर्डीला एकाच खात्यात आम्ही चौदा वर्षं काढली. जेवणाच्या सुट्टीत डबे संपले की उस्मानभाई कादंबरी काढायचा आणि आम्हा सात-आठ जणांना वाचून दाखवायचा. एक लेखक आमचा फार लाडका. त्याचं नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. मी पेपर चाळण्यापुरता वाचणारा. पुस्तक हातात धरलं की डोळा लागायचा. पण या लेखकासाठी कान टवकारून बसायचो. त्याची माणसं आमच्यासारखीच चुकायची, आणि तो त्यांना वाऱ्यावर सोडत नसे. म्हणून तर जीव जडला.

सात-आठ वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण शालू सासरी मार खात होती. उस्मानभाई म्हणाला, "राव, घेऊन ये तिला." मी फटकारलं, "आमच्या घरातलं तू बघू नकोस." त्यानं डबा आवरला. पुढच्या आठवड्यात त्यानं आमच्या त्या लेखकाची नवी कादंबरी काढली. तिच्यातली सुमनही सासरी मार खायची. शेवटच्या दिवशी वाचता वाचता तो थांबला, चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिला, आणि तसाच पुढे गेला: भाऊ एस.टी.नं जातो, सुमनची ट्रंक उचलतो, म्हणतो, "चल घरी." आम्हाला वाटलं, गहिवरलाय. त्याच रविवारी मी शालूला घेऊन आलो. भावकीनं बोलणं टाकलं, तरी डगमगलो नाही. एवढा मोठा लेखक काय उगाच लिहील? त्याला आभाराचं पत्रही लिहिलं. उस्मानभाई म्हणाला, "दे इकडं, मी टाकतो पोस्टात."

परवा उस्मानभाईच्या घरी गेलो, तेव्हा भाभींनी तीच कादंबरी माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानात माझं पत्र, तसंच्या तसं. आणि पानावर... भाऊ सुमनची समजूत घालून तिला परत पाठवतो. ती विहीर जवळ करते.

मग आठवलं, चष्म्याशिवाय उस्मानभाईला अक्षर दिसत नसे.

आता बाकीच्या कुठल्या पुस्तकाचा शेवट खरा होता, देव जाणे. ज्या लेखकावर जीव टाकला तो निम्मा उस्मानभाईच निघाला. मित्र म्हणून मी त्याचं ऐकलं नव्हतं, हे कबूल. पण नंतर? एवढी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, एकदा तरी सांगायचं होतं. भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो. आता भांडू कुणाशी?

काल शालूनं शिवणाचं मशीन थांबवलं. "दादा, हीच न्हवं ती? शेवट वाच की."

पान उघडलं. विहिरीपाशी आलो आणि थांबलो. ती वाट बघत होती. मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसत राहिलो, आणि म्हणालो, "भाऊ तिची ट्रंक उचलतो..."