अक्काचं तिसरं वर्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढं बसूनसुद्धा मनातल्या मनात पुरतं उच्चारलेलं नाही. अर्ध्यावर आलं की दुसरंच काहीतरी आठवायचं — गॅस बंद केला का, उद्या दूध जास्त लागेल का, असलं काहीतरी. आज तुम्हाला सांगते. जवळच्या मैत्रिणीला सांगावं तसं सांगते, पण नावं बदललीत. म्हणजे बघा, भीती अजून गेलेली नाहीच.

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात आहे. शिकवत नाही, खिडकीपाशी बसते. प्रवेश कुठला घ्यायचा, फी हप्त्यानं भरता येईल का, शिष्यवृत्ती का अडकली, मधलं वर्ष बुडालंय तर पुढं काय — असल्या अडचणी घेऊन पोरं-पोरी माझ्याकडं येतात. पाचगणीच्या हॉटेलात काम करून परीक्षा देणारा एक मुलगा होता, त्याच्या हजेरीचा प्रश्न मी सोडवला. माणदेशातली एक मुलगी होती. घरचे मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, तिच्या कागदांवर तीन ठिकाणचे तीन पत्ते. तिचंही जमवलं. "त्या मॅडमकडं जा, त्या मार्ग काढतात," असं पोरं एकमेकांना सांगतात. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. "मला तेव्हा माहीत नव्हतं" असं म्हणायला मला जागा नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

आता अक्काकडं येते. यायलाच हवं.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. माहेर सांगलीकडचं, कवठेमहांकाळच्या बाजूचं. आमचं सासर कोरेगावच्या पुढं. मोठे दीर लष्करात, वर्षाकाठी एकदा यायचे. माझा नवरा साताऱ्यात औषधांच्या दुकानात आणि मी कॉलेजात. आम्ही दोघं सकाळी एकाच गाडीवर निघायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. मागं घरात सासूबाई. त्यांची एक बाजू गेलेली. त्यांना कूस बदलून देणं, भरवणं, धुणं — सगळं अक्काकडं. माझी मुलगी दुपारी शाळेतून यायची तीही अक्काकडंच. तिला 'मोठी आई' म्हणायची. अक्काला मूल नाही. तिनं माझ्या मुलीला कधी मारलं नाही, आणि मी दमून आले की मारायचे. असो.

अक्का हाताला येईल ते वाचायची. भेळ बांधून आलेला कागदसुद्धा. दिरांची बदली झाली की कॅलेंडरच्या मागं नकाशा काढून मुलीला दाखवायची — हे लडाख, इथं पाऊस पडत नाही. हे आसाम, इथं थांबत नाही. तिला हे कुठून येतं, असं मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, दीर फोनवर सांगत असतील.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी ओसरीवर घेवडा सोलत बसलो होतो. सासूबाईंना झोप लागली होती. अक्का मान खाली घालूनच म्हणाली, "तुला एक इचारू का? हसणार न्हाईस न्हवं?"

मी म्हटलं, विचारा की.

"माजी बी.ए.ची दोन वर्सं झाल्याती सांगलीत. तिसऱ्याला फी भरायची हुती, तवर ह्यांची रजा संपत आली म्हणून लगीन उरकलं. ते तिसरं आता करता यील का गं?"

मी तिच्या घरात इतकी वर्षं राहत होते आणि हे मला माहीत नव्हतं. ती उठून आत गेली. लग्नातल्या शालूच्या घडीतून दोन मार्कलिस्ट घेऊन आली. पदराला हात पुसून मगच त्यांना हात लावला आणि माझ्या मांडीवर ठेवल्या.

"मास्तरीन व्हायचं न्हाई मला," ती म्हणाली. "नुसतं पुरं करायचं हाय."

मी मार्क बघितले. भूगोलात ती वर्गात पहिली-दुसरी आली असणार, असे मार्क. मराठीतही तसेच.

इथं एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी स्वतः बी.ए.ला एका विषयात नापास होऊन दुसऱ्या खेपेला सुटले होते. सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. सासरी मी 'शिकलेली सून' होते. पाहुणे आले की सासूबाई तिरक्या तोंडानं का होईना, सांगायच्या, "ही धाकटी. कॉलेजात हाय." आणि अक्का तेव्हा चहा घेऊन येत असायची.

मी म्हटलं, "चौकशी करून सांगते, अक्का."

चौकशी? कसली चौकशी? जुन्या पद्धतीनं दोन वर्षं केलेल्यांना विद्यापीठ तिसऱ्याला घेत होतं. जुने मार्क धरत होते, एखाद-दुसरा पेपर जादा द्यायला लावत होते, आणि घरी अभ्यास करून परीक्षेपुरतं येण्याचीही सोय होती. हे मला तोंडपाठ होतं. तिथंच, घेवड्याच्या शेंगा हातात असताना, मी तिला सांगू शकले असते.

नाही सांगितलं. का? त्या वेळी मी मनाशी म्हटलं, परीक्षेला ती गेली तर सासूबाईंकडं कोण बघणार? मुलीला कोण घेणार? मला रजा पडतील. वरिष्ठ बोलतील. हे खोटं नव्हतं. पण हे पुरतं खरंही नव्हतं, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात रहिमतपूरकडची एक बाई माझ्या खिडकीपाशी आली. दोन मुलांची आई, शिक्षण लग्नात सुटलेलं. अगदी अक्कासारखंच. मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. कुठले कागद लागतील ते सांगितलं, सांगलीच्या कॉलेजातून तिचा दाखला मागवायला स्वतः फोन केला. गुरुवारी तिचा प्रवेश झाला. ती रडली आणि कंदी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

तो पुडा मी घरी नेला. अक्काच्या हातात दिला.

"कशाचं गं?" तिनं विचारलं.

"ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता," मी म्हटलं.

तिनं आधी सासूबाईंना पेढ्याचा बारीक चुरा करून भरवला, मग मुलीला दिला, मग अर्धा स्वतः खाल्ला. आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "माजं काय इचारलंस का?"

चार दिवस मिळाले होते मला. विचार करायला, लाजायला, सुधारायला. मी म्हटलं, "विचारलं, अक्का. वरपर्यंत विचारलं. पण ती जुनी पद्धत बंद झाली. तुमची दोन वर्षं आता धरत नाहीत. करायचं तर पहिल्यापासून सगळं करावं लागेल, आणि रोज कॉलेजला जावं लागेल."

रोज कॉलेजला — हे मी वरून घातलं. तिनं तरीही 'चालंल' म्हणू नये म्हणून.

तिनं उरलेला अर्धा पेढा पुड्यात परत ठेवला. मग म्हणाली, "तुला म्हाईत. तू रोज हेच करतीस." आणि पुड्याचा दोरा गुंडाळून फडताळात ठेवला. रात्री जेवताना तिनं माझ्या नवऱ्याला सांगितलं, माधवीनं माझ्यासाठी लय चौकशी केली, पण नियमात बसत नाही. नवरा मला म्हणाला, बरं केलंस विचारलंस ते. मी मान हलवली आणि भाकरी मोडली.

पुढची वर्षं नुसती गेली. सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही, इतकं अक्कानं केलं. दिवस-कार्य आटोपलं तेव्हा घर मोकळं झालं होतं. मुलगी मोठी झाली होती, तिची तिची जात-येत होती. मी जी कारणं स्वतःला सांगितली होती त्यातलं एकही उरलं नव्हतं. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोलले. बोलले असते तर आधीचं उघडं पडलं असतं. आणि खरं सांगू? — कारणं संपली तेव्हाच मला दिसलं की ती कारणं नव्हतीच. त्या मार्कलिस्टवरचे मार्क मला सहन झाले नव्हते. ही बाई पदवीधर झाली तर या घरात माझं काय उरेल? ती भाकरी माझ्यापेक्षा चांगली करते, माझी मुलगी आधी तिच्याकडं धावते. एवढी एकच गोष्ट माझी होती. ती मला तिच्यासोबत वाटून घ्यायची नव्हती.

बस. हेच होतं ते.

मग अक्काच्या भाचीचं लग्न आलं, मिरजेला. मोठे दीर तोवर निवृत्त होऊन घरी आले होते. आम्ही सगळेच गेलो. मांडवात अक्काला तिच्या कॉलेजातली मंगल भेटली. दोघी गळ्यात पडल्या. दोघींचं शिक्षण एकाच उन्हाळ्यात सुटलेलं. मंगल आता मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला होती.

"आगं, मी तिसरं वर्स केलं की!" ती म्हणाली. "पोरगीनं फॉर्म भरला माजा. जुनी दोन्ही वर्सं धरली त्यांनी. तू का न्हाई केलंस? तुजं तर माज्यापेक्षा भारी हुतं."

मी शेजारच्याच खुर्चीवर होते. हातात मठ्ठ्याचा पेला. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. ती मंगलला म्हणाली, "तुमच्या हिकडं चालत असंल. आमच्या माधवीनं लय खटपट केली हुती माज्यासाठी. ती त्याच कामावर हाय. न्हाई बसलं नियमात."

मंगल म्हणाली, "विद्यापीठ एकच की गं दोन्हीकडं."

"असंल," अक्का म्हणाली. आणि नवरीला हळद कशी लागली ते बघायला उठून गेली.

तिला कळलं का? तेव्हा कळलं, की आधीच कळलं होतं? परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. कासेगाव गेलं, कऱ्हाड गेलं. मोठे दीर पुढं बसून ऊस कसा आलाय ते बोलत होते. ती त्यांना हुंकार देत होती. मी तिच्या शेजारी बसून तोंड उघडायची हिंमत गोळा करत होते. साताऱ्यापर्यंत नाही जमलं. घरी पोचल्यावरही नाही.

दोन-तीन दिवसांनी मी काय केलं ते ऐका. ती परसात कपडे वाळत घालत होती. मी मागं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अक्का, नियम बदललाय आता. जुनी वर्षं धरायला लागलेत. तुमचा फॉर्म भरूया का?"

म्हणजे एक खोटं निस्तरायला मी दुसरं घेऊन गेले. मला वाटलं, असं केलं तर तिला मिळेल आणि मीही सुटेन.

तिनं ओली चादर झटकली, दोरीवर टाकली, कोपरे जुळवले. मग विचारलं,

"कवा बदलला?"

फक्त एवढंच. आवाज चढला नव्हता. ती माझ्याकडं बघत होती, आणि ती वाट बघत होती — हे मी आज शपथेवर सांगेन. ती मला जागा करून देत होती. तिथं 'बदलला नाही, अक्का' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "यंदाच."

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरींना उपेग हुईल." आणि बादलीतला पुढचा कपडा उचलला. फॉर्मचं तिनं 'हो' म्हटलं नाही, 'नाही' म्हटलं नाही. मीही परत विचारलं नाही.

त्यानंतर तिच्या वागण्यात काही फरक पडला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडली असती, अबोला धरला असता. काही नाही. फक्त एक झालं — ती मला काही विचारेनाशी झाली. दिरांच्या पेन्शनचा कागद आला, तो तिनं दिरांच्याच हाती तालुक्याला पाठवला. फोनवर कसला संदेश आला तर माझ्या मुलीला विचारते. पूर्वी माझ्याकडं यायची.

मी अजून त्याच खिडकीपाशी बसते. लग्नात शिक्षण सुटलेल्या बायका अधूनमधून येतात. मी त्यांना खरं ते सांगते. त्याचा मला पगार मिळतो. त्यात पुण्य काही नाही.

माझ्या मुलीनं यंदा भूगोल घेतला. प्रवेशाच्या दिवशी माझ्या सहकाऱ्यांनी तिला विचारलं, हा विषय कुणी सुचवला, आईनं का? ती म्हणाली, मोठ्या आईनं. मी तिच्या अर्जावर सही केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

अक्का आत्ता पलीकडच्या खोलीत आहे. पेपर वाचते आहे. चष्मा लागलाय तिला. मी हे लिहिते आहे हे तिला ठाऊक नाही. तिचं तिसरं वर्ष राहिलं. ते राहिलं नाही, मी ठेवलं.