ऑरिनचा परवाना

माझं दुकान गांडुळांचं. गांडुळं, जिवंत छोटे मासे, गळ, दोरा, बर्फ आणि मासेमारीचा सरकारी परवाना, एवढंच मी विकते. माझ्याकडे, म्हणजे बर्नीकडे, तोंडाळपणा फुकट मिळतो असं गावात म्हणतात, तेही खरंच आहे. परवान्याच्या यंत्रावर दोन बटणं आहेत. एक आमच्या इलिनॉय राज्याच्या रहिवाशांचं, दुसरं बाहेरच्यांचं. त्यातलं चुकीचं बटण मी जाणूनबुजून एकदाच दाबलं, आणि ते ऑरिन क्लासेनसाठी दाबलं.

ऑरिन शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक. बोलायची वेळ आली की हा टोपी काढून तिच्यात बघायचा, शब्द तिथेच ठेवले असल्यासारखा. सव्वीस वर्षं, नदीवरचा बर्फ गेला की पहिल्या शनिवारी सकाळी तो माझ्या दारात उभा. "नेहमीचंच, बर्नी," एवढंच म्हणायचा. त्याचं नाव, पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग, सगळं माझ्या यंत्रात होतंच. निम्म्या गावाचे परवाने मी असेच काही न विचारता काढत असे. विचारलं असतं तर लोकांना रागच आला असता.

त्याची एकुलती मुलगी डेला. शाळा सुटली की ती बापाच्या गॅरेजात. चौदा नंबरच्या बसमध्ये पोरं वर्षानुवर्षं कुडकुडत होती. त्या बसचा हीटर हिने बाराव्या वर्षी सुरू करून दाखवला. ही इंजिनिअर होणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला ते पटलं नाही. तीनदा बसली बिचारी. छत्तीसपैकी बावीस, मग तेवीस, मग परत तेवीस.

"तेवीस म्हणजे मठ्ठ नव्हे," मी म्हटलं.

"नव्हे ना," डेला म्हणाली. "पण तेवीसवर कुणी शिष्यवृत्तीही देत नाही."

तिच्या आईने, मार्लिसने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉलेजांची यादी केली आणि एकेक नाव खोडत गेली. आमच्या राज्याचं मोठं विद्यापीठ तेवीसवाल्यांना इंजिनिअरिंगच्या दारातही उभं करत नाही. खाजगी कॉलेजांची फी वाचून ऑरिन टोपीत बघायला लागला. शेवटी एकच नाव उरलं. नदीवरच्या पुलापलीकडे, शेजारच्या आयोवा राज्यात सरकारी विद्यापीठ होतं, शिकवणं चांगलं, आणि त्यांना तेवीस चालत होते. पण बाहेरच्या राज्यातल्या मुलांना फी जवळजवळ तिप्पट. आईबापांपैकी एक जण पुरतं वर्षभर आयोवाचा रहिवासी असेल तरच ती उतरणार होती.

मार्लिसला घर सोडून जाता येत नव्हतं. अंथरुणावरची आई तिच्या घरात होती. मग ऑरिन गेला. डेलाच्या शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी, जुलैत, पलीकडच्या गावात कपडे धुण्याच्या दुकानावर त्याने एक खोली घेतली. गाडीची नंबराची पाटी बदलली, मतदारयादीतलं नाव तिकडे हलवलं, वाचनालयाचं कार्डसुद्धा तिकडचं काढलं. कामाला रोज पूल ओलांडून इकडे यायचा आणि संध्याकाळी परत.

गावाने त्याला सोडलं नाही. "काय रे, बायकोने हाकललं का?" लोक विचारायचे. "तिकडची कोण भेटली सांग तरी!"

तो हसायचा नुसता. रविवारी घरी जेवायचा, मार्लिस उरलेला बटाटा आणि मांस ताटलीत झाकून द्यायची, आणि हा निघायचा. नाताळच्या दिवशीसुद्धा अंधार पडायच्या आत निघाला. मार्लिस म्हणाली, "अरे, एक रात्र कोण मोजतंय?" तर हा म्हणाला, "मी मोजतोय." बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नाताळची रात्र त्याने एकट्याने काढली, खाली यंत्रात दुसऱ्यांचे कपडे फिरत असताना. हे मला मार्लिसने सांगितलं आणि माझ्याच गल्ल्यापाशी उभी राहून रडली.

एप्रिलमध्ये बर्फ गेला आणि शनिवारी ऑरिन आला. किती वाळला होता! मला भडभडून आलं. माझं भडभडणं तोंडावाटे बाहेर पडतं.

"या, आयोवाचे पाव्हणे," मी म्हटलं. "नेहमीचंच ना?"

"बर्नी, मी आता तिकडचा," तो टोपीत बघत म्हणाला. "परवाना तिकडूनच काढायला हवा."

"झोपायला तिकडचा. नदी दोन्ही राज्यांची आहे, कुठलाही परवाना चालतो. मासे धरणार ते आमचेच ना? गप बस. माझ्या दुकानात तू परका होणार नाहीस."

आणि मी रहिवाशांचं बटण दाबलं. जुना पत्ता आपोआप उमटला. त्याने कागदावर नजर फिरवली, मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की काय सांगू. जुलैपासून गावात त्याला कुणी आपला म्हटलं नव्हतं. त्याने सही केली, कागद घडी करून टोपीत ठेवला आणि शीळ घालत नदीवर गेला. मला वाटलं, आज एक पुण्याचं काम केलं.

जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. त्यांनी कागद तपासले होते. पाटी बरोबर, मतदारयादी बरोबर, भाडं बरोबर. पण याच एप्रिलमध्ये अर्जदाराच्या वडिलांनी मासेमारीच्या परवान्यावर आपण इलिनॉयचे रहिवासी असल्याचं सही करून सांगितलं आहे. सबब फी बाहेरच्यांचीच.

मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. चूक माझी, माणूस खरा, नाताळची रात्रसुद्धा लिहिली. सभ्य उत्तर आलं. सही वडिलांची आहे, तुमची नाही. त्यांचं तरी काय चुकलं?

ऑरिनने मला एका शब्दाने दुखावलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "सही मीच केली," तो म्हणाला. "वाचलं होतं मी, बर्नी. वाचून केली." ऑगस्टमध्ये एका खेपेत त्याचं सामान पुलावरून परत आलं. आणखी एक वर्ष तिकडे काढतो म्हणत होता, पण डेलाने ऐकलं नाही. "डॅड, आजीचं आता मॉमला एकटीला झेपत नाही. बास झालं." सप्टेंबरपासून ती त्याच्याच गॅरेजात कामाला लागली. चौदा नंबरखाली आडवी पडलेली असते, पाय तेवढे दिसतात. पुढच्या वर्षी बघू म्हणते. बघू म्हणणारे मी या गावात खूप पाहिलेत.

आता मी प्रत्येकाला विचारते, राहता कुठे? ऐंशी वर्षांच्या क्लिफर्डलाही विचारते, जो माझ्या शेजारी राहतो. लोक म्हणतात म्हातारीला वेड लागलं.

यंदा बर्फ गेला आणि शनिवारी ऑरिन दारात उभा राहिला. येईल असं मला वाटलं नव्हतं. मी यंत्रापाशी गेले, पण विचारायला तोंड उघडेना. माझं, बर्नीचं तोंड उघडेना. मग गल्ल्यावरून हात लांब करून त्याने रहिवाशांचं बटण स्वतःच दाबलं.

"इथलाच, बर्नी," तो म्हणाला. "लिही. आम्ही तिघंही इथलेच."