कणकुंबीचा पावणा

एकट्यानं प्रवास करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. बायको गेल्यापासून हॉटेलात एका माणसाची थाळी मागवली की घास उतरत नाही. म्हणून कणकुंबीला घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या पार्वतीआक्कांना फोनवर आधीच विचारलं, घरात आणखी कुणी असतं का?

"हाईत की. एक पावणं हाईत," त्या म्हणाल्या. चला, गप्पांची सोय झाली म्हणून मी निपाणीहून निघालो.

संकेश्वरमार्गे बेळगावपर्यंत महामार्ग झकास. बेळगावात तिथली मिठाई म्हणून कुंदा घेतला, पावण्यालाही पुरेल एवढा. पुढं जांबोटीवरून जाणाऱ्या बस मोजक्याच, तेव्हा सकाळचीच धरा. पावसाळ्यानंतर रस्ता हाडं खिळखिळी करतो. मुक्कामाचे जेवणासकट सातशे, तेही रोख.

अंगणात आक्का एकट्याच. पावणे कुठं विचारलं, तर त्यांनी परसातल्या फणसाच्या ढोलीकडं बोट केलं. आत पाला-गवताचं घरटं होतं. दिवेलागणीला त्यातून एक करडा उंदीर बाहेर आला, शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. पुस्तकांत हा पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. शेजारचे कानडी गृहस्थ त्याला 'काडू इली' म्हणतात, म्हणजे तेच, रानातला उंदीर. आक्कांच्या घरात मात्र उंदराचं नाव घेत नाहीत. घेतलं तर तो कपडे कुरतडतो म्हणे. म्हणून तो पावणा.

मला आधी हसू आलं, मग फार एकटं वाटलं. माणसांच्या आशेनं आलो आणि भेटला उंदीर. आक्कांचा मुलगा बेळगावजवळ मच्छ्याला कारखान्यात आहे, सणावारी येतो. एरवी या घरात त्या आणि तो पावणा.

जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाची आमटी होती. मला वाढून त्या समोरच ताट घेऊन बसल्या. "फुडं कुणीतरी असल्याबिगर घास जात न्हाय बघा," त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. कुलूप काढतोय तोवर आक्कांचा फोन आला.

"पोचलासा न्हवं?"

पोचलो म्हणालो. पोचल्यावर कुणाला तरी तसं कळवायचं असतं, हे मी पार विसरून गेलो होतो. त्यांना जेवलात का म्हणून विचारलं, पण तोवर फोन कट झाला होता.