माहेरची नावं

आईच्या वह्या रद्दीत मी घातल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच माझं कौतुक व्हायला नको.

आमचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा त्यात मुलगे, नातू, पणतू ओळीने होते आणि सुना सगळ्या लग्नात बदललेल्या नावांनी. आईला ते फार लागलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरातून रिक्षा करून, पत्रं लिहून, लग्नामुंजीत म्हाताऱ्या बायकांना कोपऱ्यात गाठून ती अकरा वर्षं एकच विचारत राहिली, लग्नाआधी तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे? तीनशेच्या वर नावं जमली. टेंभी नाक्याजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून ती टाइप करून घेतली, फाइल माझ्याकडे ठेवली. झालं ना टाइप, मग कशाला हा पसारा, म्हणून मी वह्या काढून टाकल्या. प्रूफंही त्यातच गेली.

मागच्या वर्षी आईला ऐंशी पूर्ण झाली. यादीचं पुस्तक छापून तिच्या हातात द्यावं म्हणून मी डोंबिवलीला माझ्या घरी ती फाइल उघडली, तर पडद्यावर नुसते कंस, टक्के आणि भलतीच अक्षरं. डीटीपीवाल्याने वापरलेला जुना फॉन्ट एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्येच दिसायचा. ते कधीच बंद पडलं होतं, आणि डीटीपीवाला दुकान गुंडाळून गावी गेला होता. नावं सांगणाऱ्या निम्म्या बायका आता हयात नव्हत्या. आईला फोनवर सगळं सांगितलं, तर तिने विचारलं की जेवलीस का. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ऑफिसातल्या एकीने लिंक पाठवली. कुणा माणसाने असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणणारं सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. वापरा, वाटा, चुका दिसल्या तर कळवा. पैसे नाहीत, नोंदणी नाही. फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो. तरी शनिवारी दुपारी आईकडे जाऊन, तिच्याशेजारी बसून मजकूर चिकटवला आणि बटण दाबलं. बायका एकेक करून परत आल्या. आई मोठ्याने वाचायला लागली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाहेर आले तर तिचा पुढचा प्रश्न तयार. त्या माणसाला काय पाठवायचं? मी म्हटलं, "अगं, तो काही मागत नाहीये."

"शेजारीण तरी कुठे मागते? म्हणून मी तिचा डबा कधी रिकामा परत केलाय?"

झालं. काही ठिकाणी रफार एक अक्षर पुढे सरकले होते, वेलांट्या भलतीकडे गेल्या होत्या. आई भिंग घेऊन बसली. चुकलेला शब्द एका बाजूला, बरोबर शब्द दुसऱ्या बाजूला. दोन महिने दर शनिवारी मी ते टाइप करत होते, आणि प्रत्येक वेळी चिडत होते. चुकांची यादी पाठवली. त्या माणसाने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. पुढे कोकणातल्या एका वाचनालयाने त्या सॉफ्टवेअरच्या वेबपानावर लिहिलं की त्यांच्या जुन्या स्मरणिका आता स्वच्छ उघडतात, पुन्हा टाइप करून घेणं त्यांना परवडलं नसतं. आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मग त्या माणसाचा निरोप आला. मदत करणाऱ्यांच्या यादीत तुमच्या आईंचं नाव काय लिहू? मी रेशनकार्डावरचं नाव टाइप करायला घेतलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"ते नको."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तीनशे बायकांच्या यादीत तिची स्वतःची जागा कोरी होती. विचारायला तिच्याकडे कुणी गेलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. आजोळी तिला सगळे ताईच म्हणायचे, त्यामुळे मला कधी प्रश्नही पडला नव्हता. तिने हळूच एक नाव सांगितलं. पन्नाशी उलटल्यावर मी ते पहिल्यांदा ऐकत होते. आधी त्या माणसाला कळवलं, मग आमच्या कोऱ्या जागेत भरलं.

निघताना दारात चपला घालता घालता मी तिला त्या नावाने हाक मारली. आतून लगेच ओ आली.