माझा निबंध, बाबांचं अक्षर

मी थोडंफार लिहिते हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. काय लिहिते ते कुणी वाचत नाही, पण लिहिते एवढं माहीत आहे. त्यामुळे वर्षातून चार-पाच आया तरी दारात येतात. बरोबर मुलगी असते, मुलीच्या हातात वही, आणि आईचा प्रश्न ठरलेला: “ताई, हिच्या कविता कुठं छापून येतील?”

मी सांगते. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत मुलांचं पान असतं, तिथं पाठव. मुलांची मासिकं आहेत, त्यांचे दिवाळी अंक आहेत. दिवाळीचं साहित्य पावसाळ्यातच द्यावं लागतं, फराळाचा वास सुटल्यावर नाही. शाळेचं वार्षिक आहेच. शाळेत भित्तिपत्रक नसेल तर बाईंच्या मागे लागून सुरू करा. आकाशवाणीवर मुलांच्या कार्यक्रमात वाचायला मिळालं तर तेही एक प्रकारचं छापून येणंच. आता संगणकावरूनही पाठवता येतं, पण ‘आवडलं’चे अंगठे मोजत बसू नका. एवढं सांगून झालं की मुलीला सोडून मी आईकडे वळते आणि जरा कडक आवाजात म्हणते, “आणि पाठवायची प्रत हिलाच करू द्या. तुम्ही हात लावू नका.”

आया हसतात. त्यांना वाटतं, ताईंची शिस्त. शिस्तबिस्त काही नाही. मी तेरा वर्षांची, सातवीत असताना आमच्या घरात जे झालं, त्यातून ते आलेलं आहे.

तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणायचो. शहर चहूकडे पसरत होतं आणि आम्ही त्याच्या अगदी काठावर राहायला गेलो होतो, पडेगावच्या अंगाला. दौलताबादच्या रस्त्याला नवे प्लॉट पडले होते, त्यातल्या एकावर बाबांनी दोन खोल्या बांधल्या. रस्ता येणार होता, दिवे येणार होते, नळ येणार होता. आला तो दुष्काळ. एक झाला, दुसरा लागून आला. बोअरनं आधी गढूळ पाणी दिलं, मग हवा, मग काहीच नाही. टँकर यायचा, पण त्याचं पाणी असं की तळाशी बोटभर गाळ आणि वर रॉकेलचा वास. आई ते चौपदरी धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि दर वेळी फडक्याकडे बघून म्हणायची, “हे बघ, आपण काय पीत होतो ते.”

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्या घराण्यात आजोबा कारकून, पणजोबा कारकून, त्यांच्या आधीचे लोक पोथ्या लिहायचे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचा मजकूर सुंदर अक्षरात उतरवून देणं हेच आमचं काम. बाबांचं अक्षर तर असं, की नात्यातल्या कुणालाही अर्ज करायचा असला की तो कच्चा मजकूर घेऊन आमच्याकडे यायचा. बाबा पाटावर बसायचे, मांडीवर फळी घ्यायचे आणि लिहायचे. लिहिताना मजकूर ‘नीट’ही करायचे. कुणी त्यांना तसं करायला सांगितलेलं नसायचं, पण कुणी नकोही म्हणायचं नाही. मोठ्या काकांनी विजेच्या बिलाबद्दल रागानं लिहिलेलं पत्र बाबांच्या हातून गेलं की ते इतकं नम्र व्हायचं, की वाचणाऱ्याला वाटावं काका बिल जास्त आल्याबद्दल आभार मानताहेत.

आम्ही घेत असू त्या वर्तमानपत्रात रविवारी मुलांचं पान यायचं. त्या पानाच्या कोपऱ्यात चौकट असायची: कागदाच्या एकाच बाजूला लिहा, नाव-इयत्ता-शाळा लिहा, परत हवं असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट जोडा. ती चौकट मला तोंडपाठ होती. माझं नाव त्या पानावर यावं यापलीकडे मला त्या वर्षी काही नको होतं. नवे कपडे नकोत, पेढे नकोत, पाऊससुद्धा दुसऱ्या नंबरावर.

मी निबंध लिहिला, ‘आमच्या घरचं पाणी’. रफ वहीत, एका दमात. आमच्या घरी दोन प्रकारचं पाणी असतं, असा तो सुरू व्हायचा. टँकरचं धुण्याभांड्याला आणि बाबांच्या ऑफिसातलं प्यायला. ऑफिसच्या टाकीत रोज चांगलं पाणी भरतात. बाबा संध्याकाळी येताना स्कूटरवर पायांपाशी पांढरा कॅन ठेवून ते आणतात. आणि मग हे वाक्य: ‘वाटेत छावणीच्या हापशीवर बायका रांगेत उभ्या दिसल्या की बाबा कॅनवर गोणपाट टाकतात आणि गाडी जोरात पळवतात.’

बाबांनी निबंध वाचला, खूश झाले. “आण, पक्का करून देतो,” म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद बाबांच्याच अक्षरात जायचा, माझ्या आजारपणाच्या चिठ्ठीपासून आत्याच्या लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत. त्यांनी दोन संध्याकाळी खपून प्रत केली. अक्षर मोत्यांसारखं. मजकूर मात्र असा: ‘सदर टँकर सकाळी सात वाजता येणे अपेक्षित असते, तथापि तो वेळेवर येत नाही.’ पुढे: ‘सबब पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते.’ कॅन नव्हता, ऑफिस नव्हतं, गोणपाट नव्हतं. फक्त ‘दुरून’.

बाबांनी ते वाक्य का गाळलं हे विचारलं नाही, कारण उत्तर मला येत होतं. बाबांनी पाकिटावर तिकीट लावून ते पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. आत माझा, म्हणजे बाबांचा, निबंध आणि त्याला टाचलेली चिठ्ठी. मुलांचं पान बघणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं: ‘मोठ्यांनी लिहिलेलं आम्ही घेत नाही. तू स्वतः काही लिहिलं असशील तर तेच पाठव, तुझ्या अक्षरात. खाडाखोड चालेल.’

मी ते मोठ्यानं वाचलं. बाबांचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अक्षरातला कागद कुणीतरी परत पाठवला होता. आई पदराआड हसली. “अहो, तुम्ही सातवीत नापास झालात,” म्हणाली. बाबाही मग हसले, पण उशिरा.

दुसऱ्या दिवशी मी रफ वहीतली पानं फाडली, जशीच्या तशी पाकिटात घातली आणि शाळेजवळच्या पेटीत टाकली. बाबांना सांगितलं नाही. मला कळत होतं का, मी काय करतेय ते? सगळं नाही, पण निम्मं तरी कळत होतं. फक्त ते गोणपाटाचं वाक्य माझं सगळ्यांत लाडकं होतं, आणि ते पुन्हा गाळायला मी तयार नव्हते. तेराव्या वर्षी माणूस इतकं आपमतलबी असू शकतं. नंतरही असतं, पण तेव्हा लपवता येत नाही.

छापून आलं. रविवारी सकाळी बाबा पेपर आणायला नाक्यावर गेले आणि तीन प्रती घेऊन आले. त्यांनी तो तिथंच उभ्यानं वाचला असणार, कारण घरात आले ते चप्पल न काढताच. “छान छापलंय,” म्हणाले, “नाव पण ठळक दिलंय.” मग न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आईनं वाचायला घेतलं, मोठ्यानं, कौतुकानं, आणि कॅनपाशी आल्यावर तिचा आवाज हळूहळू खाली आला. पुढचं तिनं मनात वाचलं. दोघं माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच पानावर खाली एक शब्दकोडं होतं, ते बाबांच्या साहेबांच्या मुलीनं पाठवलेलं. म्हणजे साहेबांच्या घरीही ते पान टेबलावर उघडं पडलेलं. आमचं आडनाव तसं विरळाच. सोमवारी ऑफिसच्या टाकीच्या नळाला कुलूप लागलं. बाबांसारखे आणखी तिघं-चौघं पाणी न्यायचे, त्यांचंही बंद झालं. त्यातल्या दोघांनी बाबांशी बोलणं सोडलं. हे सगळं बाबा आईला चहा पिता पिता सांगत होते, अगदी शांतपणे, दुसऱ्याच्या ऑफिसातलं सांगावं तसं. मी दाराआड उभी होते.

“लेखी खुलासा मागितलाय,” बाबा म्हणाले. “वरच्या ऑफिसात पण कुणीतरी वाचलं म्हणे.”

“मग आता?”

“साहेब माणूस वाईट नाय. त्यांनीच वाट काढून दिली. म्हणाले, पोरीनं पेपरला दोन ओळी लिहाव्यात, की ते मनानं रचलं होतं. ते छापून आलं की मी फाइल बंद करतो. लेकराची कल्पना म्हणून सोडून देऊ.”

“आन् नाही लिहिलं तर?”

“ताकीद लागंल. औंदा यादीत नाव आहे ना माझं.” यादी म्हणजे बढतीची. अकरा वर्षांनी आलेलं नाव होतं ते. घरात त्यावर इतकं बोलणं झालं होतं, की मलाही कळत होतं त्याचा अर्थ काय.

मी दाराआडून पुढे आले. “मी लिहिते,” म्हटलं. कुणी सांगायची वाटच बघितली नाही. पाटावर बसले, बाबांची फळी मांडीवर घेतली आणि लिहिलं: ‘माझ्या निबंधातला ऑफिसच्या पाण्याचा भाग खरा नाही. निबंध चांगला व्हावा म्हणून मी तो मनानं रचला.’ खाली सही. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, घाबरल्यामुळे असेल. बाबांनी कागद वाचला. एक शब्द बदलला नाही. घडी करून खिशात ठेवला. “टाकतो उद्या,” म्हणाले.

त्या आठवड्यापासून बाबा आणि मी सकाळी छावणीच्या हापशीवर जायला लागलो. त्याच बायकांच्या रांगेत. पहिल्या दिवशी एकीनं बाबांना नीट निरखलं आणि विचारलं, “काय साहेब, आज गाडी नाही पळवली?” बाबा कानापर्यंत लाल झाले. दुसरी म्हणाली, “राहू दे गं. लेकरू सोबत हाय.” आणि आम्हाला पुढं घेतलं. मला वाटलं, त्यांनीही वाचलं की काय. वाचलेलं नव्हतं. त्यांना गोणपाट आधीपासून दिसत होतं, एवढंच.

पुढच्या रविवारी मी आधी ते पान उघडलं. माझं पत्र नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच भीती वाटायची, की छापलं नाही तर बाबांची फाइल बंद कशी होणार. तिसऱ्या रविवारी राहवलं नाही. आई फडक्यातून पाणी गाळत होती, बाबा स्कूटर पुसत होते, कोरड्याच कापडानं. मी म्हटलं, “बाबा, पेपरच्या ताईंना आणखी एक पत्र लिहू का? पहिलं पोचलं नसेल.”

बाबा पुसतच राहिले. “पोचंल कसं? टाकलंच नाय मी.”

“मग साहेब?”

“साहेबांना मी लिहून दिलं. पाणी नेत होतो, घरी प्यायला नव्हतं. एवढंच. सदर नाय, सबब नाय.” ते जरा हसले. “ताकीद लागली. झालं.”

आई फडकं पिळता पिळता थांबली. तिला हे ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरून मला दिसलं. तरी ती म्हणाली, “दोन ओळींचा तर प्रश्न होता. लेकराचंच होतं ते. कोण हसलं असतं?”

बाबांनी कापड खाली ठेवलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले. “हिचं पहिलंच छापून आलेलं. आन् ते खोटं आहे म्हणून हिच्याच हातानं लिहून घेऊ व्हय मी?”

मी तिथंच उभ्या उभ्या रडायला लागले. निबंध लिहिल्याचं मला तेव्हा वाईट वाटत होतं, आणि तो पुसला गेला नाही याचा आनंदही होत होता, आणि अशा वेळी आनंद होतो याची लाज वाटत होती. बाबांनी मला जवळबिवळ घेतलं नाही, आमच्याकडे ती पद्धत नव्हती. त्या वर्षीची पक्की यादी लागली, तिच्यात ते नव्हते. त्यानंतर माझं बरंच काही छापून आलं. खरं लिहितेस म्हणून कुणी कौतुक केलं की मी मान डोलावते आणि गप्प बसते, कारण खरं फक्त लिहिलं मी. त्याखाली सही बाबांनी केली.