दगडाची मागची बाजू

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका इंजिनिअर मुलानं आपल्या मेलेल्या बापाला फसवलं. सौदा माझ्याशी झाला होता, म्हणजे मलाही फसवलं. माझं मी बघून घेईन, जन्म बाजारात गेला आहे. बापाला आता बोलता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

बाप म्हणजे माझा दुकानातला भागीदार, चिनी म्हातारा. मी इकडे कॉम्प्युटरवाल्यांबरोबर आलो नाही. बहिणीनं स्पॉन्सर केलं आणि मोटेलातल्या चादरी धुण्यापासून सुरुवात झाली. पुढे सांता क्लाराला भाजीचं दुकान काढलं, त्यात निम्मा वाटा त्याचा. एका बाजूला माझा दुधी, कारली, कढीपत्ता. दुसऱ्या बाजूला त्याचा बोक चॉयचा पाला, मुळे आणि हातभर लांबीच्या शेंगा. आलं दोन्हीकडची गिऱ्हाइकं घ्यायची, त्यामुळे आलं कुणाच्या बाजूला ठेवायचं यावरून आमचं रोज वाजायचं. मी त्याला बॉस म्हणायचो, तो मला बॉस म्हणायचा, आणि दोघंही ते टोमणा म्हणूनच म्हणायचो.

माल उतरला की तो आपल्या खोक्यांवर जाड मार्करनं एक अक्षर काढायचा. डावीकडे लोंबत्या कानासारखं काहीतरी, उजवीकडे झाडासारखं. मला वाटायचं, ती भावाची खूण असेल. मला कळू न देता भाव लिहितो म्हणून मी त्याच्याशी एकदा कडाक्याचं भांडलोही. तो नुसता हसला.

खरं काय ते कळलं सॅन फ्रान्सिस्कोला. तिथल्या चिनी वस्तीत आम्ही व्हॅन घेऊन सुके मश्रूम आणायला जायचो. एका गल्लीत जुनी तीन मजली इमारत होती, हिरव्या कौलांची, आणि दारावर तेच अक्षर, सोन्याच्या रंगात. तो समोरच्या फुटपाथवर उभा राहून गोड पाव खायचा. दर खेपेला तिथेच, दर खेपेला तसाच.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"चॅन आडनावाच्या लोकांचं मंडळ. वर पूर्वजांच्या पाट्या आहेत. कुठल्याही गावचा चॅन आला की पूर्वी त्याला इथे जेवण मिळायचं, झोपायला जागा मिळायची."

"मग तुम्ही इथे पाव काय खाताय? जा की वर."

"वर गेलं की नाव लिहावं लागतं, बॉस. कुठलं लिहू?"

दुकानाच्या लायसन्सवर, गाडीच्या कागदांवर, मुलाच्या डिग्रीवर त्याचं आडनाव वेगळं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. त्या आडनावानं आधीच फार जागा खाल्ली आहे.

त्या दिवशी व्हॅनमध्ये बसून त्यानं सगळं सांगितलं. चिनी माणसाला या देशात येऊ द्यायचं नाही असा कायदा होता, आणि त्याची शेपटी म्हाताऱ्याच्या लहानपणापर्यंत वळवळत होती. इथल्या नागरिकाचा मुलगा असेल तर मात्र येता यायचं. म्हणून नसलेल्या मुलांचे कागद विकले जायचे. म्हाताऱ्याच्या घरच्यांनी जमीन विकून असा एक कागद घेतला आणि दुसऱ्याच माणसाचा मुलगा म्हणून याला बोटीवर चढवलं. उतरल्यावर सरकारी अधिकारी उलटतपासणी घ्यायचे, म्हणून वाटेत त्या परक्या घराची उत्तरं पाठ करायची होती. विहीर कुठल्या बाजूला, तांदळाचं मडकं कुठे, आजी कशानं गेली.

"ते खोटं घर मला अजून पाठ आहे," तो म्हणाला. "आमच्या खऱ्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं, ते विसरलो."

आमच्याकडे दत्तक जाणाऱ्या मुलाचंही आडनाव बदलतं. पण तिथे विधी होतो, चार माणसं जेवतात, नवी आई त्याला मांडीवर घेते. याला कुणी मांडीवर घेतलं नाही. कागदावरच्या बापानं त्याला धक्क्यावरून थेट लाँड्रीत नेलं.

मग त्यानं आडनावाची गोष्ट सांगितली, अगदी कालपरवा घडल्यासारखी. फार जुन्या काळी एका नव्या राजवंशानं सत्ता घेतली. नव्या राजानं जुन्या पुण्यवान राजाचा वंशज शोधून त्याला छोटा मुलूख दिला. त्या मुलखाचं नाव चेन. पुढे शेजारच्या दांडग्या राज्यानं तो गिळला. मुलूख गेला तेव्हा तिथल्या माणसांनी त्याचं नाव आडनाव म्हणून उचललं. उत्तरेत लढाया पेटत गेल्या तशी ही माणसं दक्षिणेला सरकत समुद्रापर्यंत आली. एका किनाऱ्यावर तान झाली, म्हाताऱ्याच्या मुलखात चॅन, व्हिएतनाममध्ये त्रान. तिथून बोटींनी सिंगापूर, आणि रेल्वेचे रूळ टाकायला कॅलिफोर्निया.

"आज आम्ही कोट्यवधी आहोत," तो म्हणाला. "त्यात एक मी, न मोजलेला."

माझ्या आडनावात 'कर' आहे. ते ज्या गावाचं आहे ते धरणाच्या पाण्याखाली गेलं, मी पाहिलेलंही नाही. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग तू थोडा चॅनच आहेस." त्याच दिवशी आल्याची टोपली मी त्याच्या बाजूला जाऊ दिली.

वसंतात त्यांचा कबरी झाडायचा दिवस असतो. तेव्हा एकदा तो मला सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर घेऊन गेला. तिथे त्याच्यासारखे बरेच पुरले आहेत. दगडावर इंग्रजीत कागदावरचं आडनाव आणि खाली चिनी अक्षरांत खरं. जिवंतपणी जे कुणाला सांगायचं नाही, ते मेल्यावर आपल्या लोकांना वाचता येईल असं ठेवायचं, हा त्यांचा रिवाज.

छातीचं दुखणं वाढलं तेव्हा हॉस्पिटलात त्यानं माझं मनगट धरलं. "बॉस, माझ्या दगडावर ते अक्षर पाहिजे. मुलगा भितो. तू सौदा कर. तुझ्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही."

तो गेला त्याच आठवड्यात मी मुलाच्या घरी गेलो. मुलगा वाईट नाही. मला चहा दिला, अंकल म्हणाला.

"अंकल, दगड उघड्यावर असतो. कुणीही फोटो काढतं. बाबांचे कागद खोटे होते असं मीच कोरून ठेवू? सध्या काय चाललंय ते बघताय ना? लोकांचं जुनं जुनं उकरून काढताहेत."

"तू इथे जन्मलास. तुला कोण हात लावणार?"

"तुम्ही स्वतःच्या नावानं व्हिसा घेऊन आलात. तुम्हाला नाही कळणार." मग म्हणाला, "आणि बाबा चॅन झाले तर मी कोण? माझी मुलं कोण?"

मी तेच केलं जे मला येतं. घासाघीस केली. दर्शनी बाजूला मोठं अक्षर, तो नाही म्हणाला. दर्शनी बाजूला लहान, नाही. कडेला, नाही. शेवटी मागच्या बाजूला, तळाशी, गवत वाढलं की झाकेल असं, तळहाताएवढं एकच अक्षर. मेलेल्या मित्राचं नाव मी कोथिंबिरीच्या जुडीसारखं उतरवत नेलं. कारागिराचे पैसे मी देतो म्हणालो आणि तिथेच मोजून दिले. तेव्हा कुठे त्यानं मान हलवली आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. बाजारात हात मिळवला की सौदा संपतो.

त्यानंतर पुतण्याच्या लग्नासाठी मी सांगलीला गेलो. परतलो तोवर दगड बसला होता. कबरी झाडायचा दिवस आला तेव्हा संत्री आणि त्याच्या आवडीचा गोड पाव घेऊन टेकडीवर गेलो. पुढे कागदावरचं आडनाव, इंग्रजीत आणि चिनीतही. ते अक्षर नाही हे मला लांबूनच कळलं, इतकी वर्षं मी खोक्यांवर ते पाहिलं होतं. मागे गेलो. गुडघ्यांवर बसून गवत बाजूला केलं, ओला दगड रुमालानं पुसला, तळापर्यंत हात फिरवला. आरशासारखा गुळगुळीत.

थोड्या वेळानं मुलगा आला. बायको-मुलं खाली गाडीतून उतरत होती.

"आपलं ठरलं होतं," मी म्हणालो.

"अंकल, प्लीज. आज नको."

"हात मिळवला होतास."

"मागे जाऊन बघतं तरी कोण?"

"मी गेलो."

तो खिशातून पाकीट काढायला लागला, कारागिरासाठी मी दिलेले पैसे परत करायला. त्या क्षणी मी त्याच्यावर हात उगारला असता. वर येणारी मुलं दिसली म्हणून थांबलो. त्यांनी आजोबांपुढे संत्री मांडली आणि वाकून तीनदा नमस्कार केला. ज्या माणसाला नमस्कार केला, तो त्या दगडावर कुठेच नव्हता.

शेजारच्या राज्यानं त्यांचा मुलूख गिळला तरी हे आडनाव टिकलं. या देशाच्या कायद्यालाही ते पुरतं पुसता आलं नाही. ते पुसलं पोटच्या पोरानं, हात मिळवून.

दगड अजून तिथेच आहे आणि मागची बाजू कोरीच आहे. कारागिराचा पत्ता माझ्याकडे आहे. येत्या वसंतात मी पुन्हा टेकडीवर असेन. तेव्हा त्या पोरानं आपल्या मुलांसमोर मला सांगावं, आपला बाप कोण होता. मला नाही सांगायचं तर दगडाकडे तोंड करून सांगावं. मी मागच्या बाजूला उभा राहून ऐकेन.