लाइनमन साडू आणि वरची वीज

माझ्या मोठ्या साडूंइतका विजेला मान देणारा माणूस अख्ख्या लाखनी तालुक्यात झाला नाही. गंमत म्हणजे ते स्वतः लाइनमन. सगळी नोकरी खांबावर गेली, पण आभाळ गुरगुरलं की पहिले घरात. कोणी हसलं तर म्हणत, "तारेतली वीज मानसाची हाये, तिले बंद करता येते. वरच्या विजेचं बटन कोनापाशी हाये?" गोंदिया वेगळा होऊन जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा लोक कोणतं ऑफिस कुठे जाणार यावर भांडत होते, साडूंची काळजी वेगळीच होती. "गोंदियाकडून ढग निघाला तं आता आपल्याले सांगन कोन?"

ढग वाजला की त्यांच्या घरी टीव्हीची पिन निघे आणि नळाखालचा माणूस असेल तसा बाहेर बोलावला जाई. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी हलायचं नाही, हा नियम. मी स्वतः अंगाला साबण लावून त्यांच्या खाटेवर तो अर्धा तास काढला आहे. सिहोऱ्याच्या एका लग्नात तर त्यांनी भर वरातीत नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं. "चारी बाजूनं धानाच्या बांध्या, अन् त्यात सगळ्यात उंच हाच दिसून राहिला!" नवरदेव मांडवात पोचला तो टेम्पोच्या बंद केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी, बाशिंग मांडीवर घेऊन. वरबाप वर्षभर बोलला नाही.

एकदा गावात सरकारी फलक आला: 'विजा चमकताना झाडाखाली थांबू नये.' तो ठोकला बांधावरच्या मोहाच्या झाडाला. अक्षरं इतकी बारीक, की वाचायला झाडाखालीच जावं लागे. साडूंनी अर्ज केले. उत्तर आलं, 'फलक सुस्थितीत आहे.'

त्याच पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, दुपारी आभाळ काळंभोर झालं. दहा-बारा बाया त्या मोहाखाली डबे उघडून बसलेल्या. साडू चिखलातून पडत-धडपडत तिथे पोचले.

"उठा वं, शाळेत चला!"

"काहून भिऊन राहिले, लाइनमन भाऊ? दोन घास तं खाऊ द्या."

साडूंनी हात जोडून पाहिलं, ओरडून पाहिलं. शेवटी त्यांनी तिथेच बसकण मारली. "मंग मीबी इथंच बसतो. मेलो तं माह्या बायकोले तुम्हीच सांगजा."

माझ्या मेव्हणीचा स्वभाव गावाला ठाऊक होता. तिला जाऊन सांगायची कोणाचीच तयारी नव्हती. बाया बडबडत उठल्या. शाळेच्या खोलीत शेवटची बाई शिरली आणि मोह मधोमध चिरला.

मग एक बाई म्हणाली, "माहा डबा तिथंच राहिला." त्यावर सगळ्या रडल्या. पुढे गावाने याचं श्रेय देवाला दिलं, सरपंचाला दिलं, फलकालाही दिलं. साडूंचं नाव मात्र कोणाला सुचलं नाही.

आता साडूंना अजिबात ऐकू येत नाही. ढग कितीही गर्जो, ते शांत बसलेले असतात. पण रोवणीत आभाळ वाजलं की त्या बाया चिखलाच्या पायांनी थेट त्यांच्या घरात शिरतात, बोट वर करून आभाळ दाखवतात. साडू मान हलवतात, एकेकीवर बोट ठेवून डोकी मोजतात, आणि मगच दार लावून घेतात.